दंतवैद्य एवढे झाले, तरी खान्देशात दात काढूनच का टाकतात?

गिरणाकाठ

जळगाव, धुळे, नंदुरबार, यांतल्या कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात सकाळच्या ओपीडीला जाऊन बसा. गाल धरून बसलेले दोन-चार जण हमखास दिसतात. केसपेपर काढला की बहुतेकांचं मागणं एकच : "डॉक्टर, दाढ काढी टाका, दुखनं बंद व्हई जाई." आणि ती काढली जाते. ती वाचली असती का, हे रुग्ण विचारत नाही आणि कुणी त्याला सांगतही नाही.

आता देशाचं चित्र बघा. दंतवैद्यांसाठी देशात कायदा १९४८ सालीच झाला. आज देशात तीनशेहून जास्त दंत महाविद्यालयं आहेत, बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदवीच्या) जागा वर्षाला पंचवीस हजारांच्या वर आणि नोंदणी झालेले दंतवैद्य तीन लाखांच्या आसपास. म्हणजे डॉक्टर नाहीत असं अजिबात नाही. पण २००२-०३ मध्ये भारतीय दंत परिषदेने देशभर पाहणी केली, तेव्हा पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्यांचे, पंधरा वर्षांच्यांपैकी ६३ टक्क्यांचे आणि पस्तीस ते चव्वेचाळीस वयातल्या ८० टक्के लोकांचे दात किडलेले निघाले. हिरड्यांचं तर त्याहून वाईट.

मला या धाग्यात एकच गोष्ट मांडायची आहे. आपल्याकडे दातांचं आरोग्य पूर्णपणे खिशावर सोडून दिलंय. पैसे असतील त्याने रूट कॅनाल करावं, म्हणजे आतली खराब नस साफ करून दात वाचवावा, वर कॅप बसवावी. नसतील त्याने दात काढावा. सरकारी यंत्रणेत दात वाचवण्याची सोय कागदावर आहे, खुर्चीवर नाही. आणि ही सोय फार महागडी आहे म्हणून होत नाही, असंही नाही. इथे डॉक्टर, शिक्षक, आशाताई सगळे आहेत. तुमच्या तालुक्यात नेमकं काय होतं ते लिहा.

पांझरा

शंभर टक्के सहमत. आमच्याकडे तालुक्याच्या गावी रूट कॅनालचे तीन ते पाच हजार, कॅपचे वेगळे. शिवाय तीन-चार वेळा जायचं. मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं. काढायला काही शे रुपये आणि एका फेरीत काम. माणूस काय निवडणार? आरोग्य विम्यातही दातांचं धरत नाहीत, अपघात झाला तरच.

केळीबाग

भाऊ, सगळं सरकारवर कशाला टाकायचं? आमचे आजोबा नव्वदीत ऊस सोलून खायचे. आयुष्यभर निंबाची काडी. आता सकाळी चहा-बिस्कीट, शाळेत कुरकुऱ्यांची पुडी, रात्री दात न घासता झोपायचं आणि मग बोंब मारायची. दोन वेळा ब्रश करायला कुणी अडवलंय?

दाढदुखी_शहादा

मी बीडीएस करून शहाद्याला प्रॅक्टिस करते. आधी काही वर्षं ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी होते, म्हणून दोन्ही बाजू बघितल्या आहेत. जरा लांबलचक लिहिते, माफ करा.

केळीबागभाऊ, तुमच्या आजोबांबद्दल आदर आहे. काडीने दात साफ होतात हेही खरं. पण आजोबांच्या लहानपणी साखर सणावाराला घरात यायची. आज धडगावच्या पाड्यावरच्या टपरीतही पाच रुपयांचं बिस्कीट मिळतं, दूध मिळत नाही. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचं कवच विरघळवतं. दिवसातून एकदा भरपूर गोड खाण्यापेक्षा दिवसभर थोडंथोडं चघळणं जास्त घातक असतं. काडीत फ्लोराइड नसतं. राखुंडीत, कोळशात तर नसतंच, उलट ती दात झिजवते. आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्येही नसतं. पेस्ट घेताना डब्यावर फ्लोराइड १००० पीपीएमच्या आसपास लिहिलंय का एवढं बघा, स्वस्तातली असली तरी चालेल. तीन वर्षांच्या आतल्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, त्यावरच्यांना वाटाण्याएवढी. घासल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. म्हणजे ते थोडा वेळ दातांवर राहतं.

आता गिरणाकाठ यांच्या मुद्द्याकडे येते. केंद्राच्या मानकांप्रमाणे ग्रामीण रुग्णालयात दंतशल्यचिकित्सकाचं पद असायला हवं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते नसतं. म्हणजे पाड्यावरच्या माणसाला दातासाठी पहिला सरकारी डॉक्टर भेटतो तो तालुक्याला किंवा मोठ्या गावात. मी होते तिथे खुर्ची होती. कॉम्प्रेसर बिघडला की महिनोन्‌महिने दुरुस्तीची वाट बघायची. लाइट गेली की ड्रिल बंद. दात भरायचं सिमेंट संपलं की मागणीपत्र पाठवायचं आणि थांबायचं. भूल देण्याचं इंजेक्शन आणि दात काढायचे चिमटे मात्र कायम असायचे. मग काय होणार? जे हातात आहे तेच काम होणार. वाचवता येण्यासारखी दाढ मी स्वतः काढली आहे आणि ते मला आवडत नव्हतं. समोर कळवळणारा माणूस असतो, त्याला "नंदुरबारला जा, धुळ्याला जा" म्हटलं तर तो जात नाही. तो पुन्हा येतो तेव्हा गाल सुजलेला असतो.

पुण्यात_पण_अमळनेरचा

डॉक्टरताई, एक शंका. एवढे बीडीएस होतात तर ते खेड्यात का येत नाहीत?

दाढदुखी_शहादा

कारण खासगी कॉलेजात लाखोंनी फी भरून बाहेर पडलेल्या मुलाला दुसऱ्याच्या दवाखान्यात एखाद्या कारकुनाएवढाही पगार मिळत नाही. स्वतःचा टाकायचा तर खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, हत्यारं निर्जंतुक करायचं ऑटोक्लेव्ह, सगळं कर्जाने. ते कर्ज फेडायला जिथे लोक कॅप बसवतात तिथेच जावं लागतं. म्हणून पुण्या-नाशिकला एका गल्लीत चार पाट्या आणि अक्कलकुवा, धडगावकडे शोधावं लागतं. सरकारी पदं निघतात ती मोजकी आणि बरीचशी कंत्राटी. मुलं खेड्यात यायला तयार नाहीत असं सरसकट म्हणणं अन्याय आहे. माझ्याच बॅचचे कितीतरी जण सरकारी जागेची वाट बघून शेवटी दुसऱ्याच धंद्यात गेले.

अक्राणीमास्तर

सातपुड्यातल्या आश्रमशाळेत शिक्षक आहे. मुलांचं सांगतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. पथकाची गाडी शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा यायची असते. तपासणीत दातही असतात. पथकातले डॉक्टर तोंड उघडायला लावतात, टॉर्च मारतात, कार्डावर लिहितात. मी तिथे उभा असतो म्हणून सांगतो, वर्गातल्या बहुतेक मुलांच्या कार्डावर दाताची नोंद होते. पुढे काय? 'संदर्भित'. म्हणजे पालकाने मुलाला घेऊन तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या केंद्रात जायचं. पालक त्या वेळी कुठे असतो? ऊसतोडीला. दिवाळीनंतर गाडी भरून जातात, उन्हाळ्यात परत येतात. काही मुलं सोबतच जातात, ती तर तपासणीतही सापडत नाहीत. जी आश्रमशाळेत राहतात त्यांचं तालुक्याला नेणं माझ्यावर किंवा अधीक्षकांवर. एका मुलाला ताप आला तर नेतो. वर्गभर मुलांना दातासाठी कसं नेणार?

आठवीतली एक मुलगी आठवते. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा किडलेल्या. भाकरी पुढच्या दातांनी कुरतडून, डाळीत भिजवून खायची. तिचं वजन वाढत नव्हतं आणि सगळे कुपोषण कुपोषण म्हणत होते. तिला चावताच येत नाही हे आम्हाला फार उशिरा कळलं. नंदुरबारच्या कुपोषणावर एवढं लिहिलं जातं, पण मुलाच्या तोंडात बघा असं कुणी म्हणत नाही.

गिरणाकाठ

गुरुजी, हे वाचून सुन्न झालो. डॉक्टरताई, असं असेल तर पथकानेच शाळेत उपचार केले तर? सगळ्यांना खुर्चीची गरज असते का?

दाढदुखी_शहादा

नसते. हेच तर मला सांगायचंय.

दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांना ना वीज लागते ना ड्रिल. पहिली म्हणजे हाताच्या हत्याराने मऊ झालेली कीड खरवडून काढायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं. मूल बाकावर झोपवून, डोक्याला लावायच्या बॅटरीच्या उजेडात होतं. हे सिमेंट दाताला स्वतःहून चिकटतं आणि वर थोडंथोडं फ्लोराइड सोडत राहतं. दुसरी म्हणजे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. हे औषध ब्रशच्या टोकाने किडलेल्या जागी लावायचं, काम एका मिनिटाचं. कीड तिथेच थांबते, बहुतेक वेळा. तोटा असा की ती जागा काळी पडते. पुढच्या दाताला लावलं तर आई रागावते, दुधाच्या दाढांना चालून जातं. ही दोन्ही औषधं आणि फ्लोराइडची पेस्ट, तिन्ही जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्या सभेत मौखिक आरोग्याचा ठरावही झाला. म्हणजे ही चैनीची गोष्ट राहिलेली नाही, मूलभूत औषधात गणली जाते.

पण एक लक्षात घ्या. ज्या दाढेची नस मेली, खाली पू झाला, तिला यातलं काहीच उपयोगाचं नाही. गुरुजींच्या त्या मुलीला रूट कॅनालच लागलं असतं. म्हणून दुखायच्या आधी पोचायला हवं आणि पोचायची जागा शाळाच आहे.

केळीबाग

डॉक्टरताई, पटलं. मी ब्रशचं म्हणत होतो ते घरच्या मुलांना डोळ्यासमोर ठेवून. आश्रमशाळेत मुलांना पेस्ट कोण देतं, ती कसली असते, हे बघायला पाहिजे.

आशाताई_तळोदा

नमस्कार. मी जास्त लिहीत नाही पण दोन गोष्टी सांगते. आमच्या बायका मिसरी लावतात. तंबाखू भाजून कुटायची, सकाळी बोटाने दात-हिरडीला चोळायची. विचारलं तर म्हणतात, दाताला बरं वाटतं, पोटही साफ होतं. गरोदर बाईसुद्धा लावते. तिला वाटतच नाही की ती तंबाखू खाते, कारण खात नाही, लावते. म्हणून आम्ही नुसतं "तंबाखू खाता का" विचारलं तर उत्तर नाही येतं. "दात कशाने घासता" असं विचारावं लागतं.

दुसरं सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं. आमच्या भागात खूप आहे. ज्याला आहे त्याने दात काढायच्या आधी डॉक्टरला कार्ड दाखवायलाच पाहिजे. दातात पू झाला की त्यांचा त्रास उसळू शकतो. बाजारात बसणाऱ्याकडे दात काढायला जाऊच नये.

पांझरा

ताईंनी बाजाराचा विषय काढला म्हणून लिहितो. आमच्या आठवडे बाजारात चादर टाकून बसतात, समोर दातांच्या कवळ्या मांडलेल्या. पडलेल्या दाताच्या जागी नकली दात ठेवतात, शेजारच्या दाताला तार गुंडाळतात आणि गुलाबी पूड पातळ औषधात कालवून वरून थापतात. दहा मिनिटांत दात बसला, पैसे थोडे. ते काढता येत नाही आणि त्याखाली घाण साचते. आमच्या काकूंना बसवला होता, वर्षभरात शेजारचे दोन्ही चांगले दात हलायला लागले. लोक मूर्ख आहेत म्हणून तिथे जात नाहीत. सरकारी दवाखान्यात दात काढून मिळतो, बसवून मिळत नाही, म्हणून जातात. पोरीच्या लग्नात समोरचा दात नसलेल्या बाईला काय वाटतं ते तिलाच माहीत.

तोंडाचा_सर्जन

मी तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करतो. धागा वाचत होतो, तंबाखूचा विषय अर्धाच राहिलाय म्हणून लिहितो.

देशात पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचा आहे. २०१६-१७ च्या तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले आणि त्यांतले बहुसंख्य ओढणारे नाहीत, खाणारे-लावणारे आहेत. राज्यात गुटखाबंदी जुलै २०१२ पासून आहे. तरी पुडी कुठे मिळते हे सहावीतल्या पोरालाही माहीत असतं. आपला पट्टा दोन राज्यांच्या सीमेवरचा, माल यायला वाटा भरपूर.

पण मला सुपारीबद्दल जास्त बोलायचंय. लोकांना वाटतं तंबाखू वाईट, सुपारी आपली पूजेतली. सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलंय. सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी हळूहळू चामड्यासारखी ताठ होत जाते. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुरुवातीची खूण खान्देशी माणसाला पटकन कळण्यासारखी आहे : तिखट सोसत नाही. आयुष्यभर शेवभाजी ओरपणारा, ठेच्यावर जेवणारा माणूस एकाएकी वरण-भात मागायला लागतो. घरच्यांना वाटतं ॲसिडिटी. नंतर तोंड कमी उघडायला लागतं. आपली तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. तिन्ही गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर दाखवायला उशीर करू नका. माझ्याकडे एक बोट जेमतेम जाणारी विशी-बाविशीतली पोरं येतात. भाकरी सोडाच, त्यांना घास नीट घेता येत नाही. एकदा झालेला ताठरपणा पूर्ण जात नाही, पण पुडी सुटली तर वाढणं थांबू शकतं.

आता यंत्रणेचं बघा. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला धुळे जिल्हा होता. आज ती महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. तिच्यात तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया होते, रेडिएशन होतं आणि त्यामुळे कितीतरी घरं शेती विकण्यापासून वाचली आहेत. मी रोज बघतो, योजनेबद्दल माझी तक्रार नाही. पण तीच यंत्रणा गालावरचा पांढरा चट्टा पहिल्यांदा दिसतो तेव्हा तिथे नसते. त्या वेळी लागतो फक्त टॉर्च, आरसा आणि बघायला शिकवलेला माणूस. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं तोंड उपकेंद्रातच तपासायचं, असं आयुष्मान आरोग्य मंदिराच्या (उपकेंद्राचंच आताचं नाव) कामात लिहिलेलं आहे. प्राथमिक मौखिक आरोग्य हे तिथल्या बारा सेवांपैकी एक आहे. तुमच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने कधी तुमचं तोंड उघडून बघितलंय का? विचारा.

सोडायची इच्छा असेल त्यांच्यासाठी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांक १८००-११-२३५६, फुकट आहे.

पुण्यात_पण_अमळनेरचा

तीन बोटांचं आत्ताच करून बघितलं आणि गावी भावाला फोन करून करायला लावलं. त्याची अडीच जातात. शनिवारी त्याला घेऊन येतोय. धन्यवाद सर.

केळीबाग

आमच्याकडे केळीच्या कटाईला येणारी सगळी पोरं पुडी खातात. भूक मरते म्हणतात. जेवणाची सुटी उशिरा होते हेही कारण आहे. मी माझ्यापुरतं कटाईच्या टोळीला दहा वाजता नाश्ता द्यायचं ठरवलंय. बघू.

जळगावची_सून

स्वस्तात उपचार हवे असतील त्यांच्यासाठी : दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत जा. धुळ्यात खासगी दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकणारी मुलं प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो पण खर्च बाहेरच्यापेक्षा बराच कमी येतो. माझ्या सासूबाईंची पूर्ण कवळी अशाच एका कॉलेजातून करून घेतली, नातवाच्या बारशाला त्यांनी दाण्याचा लाडू खाल्ला. गरोदरपणात हिरड्यांतून रक्त येतं तेही अंगावर काढू नका, दाखवा. आणि शुगर असेल तर हिरड्या बऱ्या केल्याने शुगर आटोक्यात यायला मदत होते, हे मला आमच्या डॉक्टरांनी सांगितलं.

दाढदुखी_शहादा

बरोबर सांगितलंय. शुगर आणि हिरड्यांचा संबंध दोन्ही बाजूंनी आहे.

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार. एवढं वाचल्यावर माझं मत आणखी पक्कं झालं. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे, बाल स्वास्थ्य पथक आहे, आरोग्य मंदिर आहे, ग्रामीण रुग्णालयात पद आहे. नवीन योजना मागायची गरजच नाही. जे मंजूर आहे ते खुर्चीपर्यंत आणि शाळेच्या बाकापर्यंत यावं, एवढंच मागायचंय. आणि मागितल्याशिवाय ते येणार नाही, कारण दातासाठी कुणी मोर्चा काढत नाही.

डॉक्टरताई, ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीत आमच्या ओळखीचे एक सदस्य आहेत. त्यांच्याकडे नेमकं काय मागायला सांगू?

दाढदुखी_शहादा

मोघम मागू नका, "दंत विभाग सुधारा" म्हटलं की पत्र फाइलला लागतं. गेल्या वर्षी किती दात काढले आणि किती भरले, हे दोन आकडे आधी मागा. रजिस्टरमध्ये असतात. भरलेल्यांचा आकडा फारच कमी निघाला तर का, हे विचारा, उत्तर बहुधा सिमेंट किंवा कॉम्प्रेसर असेल. समितीकडे स्वतःचा थोडा निधी असतो, कॉम्प्रेसरची दुरुस्ती आणि ग्लास आयोनोमर सिमेंटची खरेदी त्यातून होऊ शकते, वरून पुरवठा येईपर्यंत थांबावं लागत नाही. पद रिकामं असेल तर कधीपासून, तेही लेखी घ्या. आणि आठवड्यातला एक दिवस दंतवैद्याने बाल स्वास्थ्य पथकाबरोबर शाळेत जावं, असा ठराव मांडायला सांगा. हत्यारं एका डब्यात मावतात.

अक्राणीमास्तर

डॉक्टरताई, असा ठराव आमच्या तालुक्यात झाला तर पहिली शाळा आमची घ्यायला सांगा. मुलं ऊसतोडीला जायच्या आत, म्हणजे दिवाळीच्या आधी. बाक, पाणी आणि मुलांना रांगेत बसवायची जबाबदारी माझी. त्या आधी मी माझ्या पातळीवर सगळ्या वर्गांची कार्डं काढून ज्यांच्यावर दाताची नोंद आहे त्यांची यादी करून ठेवतो, म्हणजे तुमचा वेळ जाणार नाही.

दाढदुखी_शहादा

गुरुजी, यादीत वयही लिहा. सहा-सात वर्षांच्या मुलांना आधी घेऊ, त्यांची पहिली कायमची दाढ नुकतीच आलेली असते आणि घरचे तिला दुधाचीच समजतात. सरकारी ठराव व्हायला वेळ लागला तर दिवाळीआधीच्या एखाद्या रविवारी मी माझा डबा घेऊन येते. मुख्याध्यापकांची आणि आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयाची परवानगी तेवढी काढून ठेवा.

आशाताई_तळोदा

डॉक्टरताई, रविवार कळवा. मी आणि आमच्या दोघी-तिघी येतो. पावरी भाषेत, म्हणजे इथल्या आदिवासींच्या बोलीत, सांगायला लागेल लहान मुलांना.